सतरा नंबर बंद हाय, सर

कॉम्प्युटरसमोर बसलं की मावशी आधी उजव्या हाताची दोन बोटं पदराला पुसत आणि मग मशीनला विचारत, "कोन हायेस बा तू?"

हे तोंडाने. बोटांनी त्या तेच इंग्रजीत टाइप करत. हाक मारली तर या मशीनवर भाषेची कोणती आवृत्ती ओ देते, एवढंच विचारणारी ती एक ओळ असे. उत्तर आलं की मान हलवत, "हां, जुनी हाय," किंवा "हां, नवी हाय." त्यानंतरच पुढचं काम.

मला हे फार गमतीचं वाटे. मी पुण्यात चार वर्षं काढून गोंदियाला परतलेला नवा प्राध्यापक होतो. मशीनला विचारायची मला गरज वाटत नसे. मी मशीनला सांगत असे.

कॉम्प्युटरला आपण ज्या भाषेत काम सांगतो, तिच्याही आवृत्त्या निघतात. नवी आली म्हणून जुनी लगेच जात नाही, कारण जुनीत लिहिलेली कितीतरी कामं चालू असतात. मग एकाच मशीनवर दोघींना नांदवावं लागतं. आमच्या लॅबमध्ये हे नांदवण्याचं काम मावशींकडे होतं. हुद्दा मात्र परिचर. तोही तात्पुरता, दर जूनला नवी ऑर्डर.

नव्याण्णव साली कॉलेजात कॉम्प्युटरची खोली झाली तेव्हा दाराशी चपला सांभाळायला म्हणून त्या लागल्या होत्या. आमगावच्या पुढच्या एका खेड्यातून रोज पॅसेंजरने यायच्या. चपला सांभाळता सांभाळता आत बघत राहिल्या. पहिल्या वर्षाच्या पोरांना एक आवृत्ती, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना दुसरी, आणि मास्तर रोज विसरायचे की कोणती कुठे आहे. मावशी विसरल्या नाहीत. त्यांनी मॉनिटरच्या कोपऱ्यात टिकल्या लावल्या. लाल म्हणजे जुनी, हिरवी म्हणजे नवी, दोन्ही म्हणजे दोघी.

रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी त्या टिकल्या नखाने खरवडून काढल्या.

"काऊन काढल्या, सर?" मावशींनी विचारलं.

"लॅब आहे मावशी, मंगळागौर नाही."

त्यांना मंगळागौर काय ते नीट कळलं नसावं, आमच्याकडे ती फारशी होत नाही. पण मी काहीतरी टोचून बोललो एवढं कळलं. त्या म्हणाल्या, "बरं." पुढचे पंधरा दिवस मी वीस मशीनपैकी प्रत्येकीसमोर बसून, "मावशी, हिच्यावर कोणती आहे हो?" असं विचारत होतो. त्या खिडकीची जाळी पुसता पुसता, मागे न बघता, सांगत होत्या.

ते दोन हजार बारा-तेरा साल असेल. ज्या भाषेच्या या आवृत्त्या, त्या पायथनचा मी एक जादा वर्ग काढला. मी शिकवायचो नवी आवृत्ती. तोवर लॅबमध्ये सगळीकडे दोघी झाल्या होत्या, पण साध्या नावाने हाक मारली की ओ द्यायची जुनी. पहिल्याच तासाला मी पोरांना तीन ओळींचा प्रोग्रॅम दिला. मशीन तुमचं नाव विचारेल, तुम्ही नाव टाइप करा, मग मशीन तुम्हाला नमस्कार करेल. माझ्या पुस्तकात करत होतं. अर्जुनी मोरगावहून आलेली सुनीता नावाची एक हुशार मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने नाव टाइप केलं आणि मशीनने लाल अक्षरांत सांगितलं की सुनीता नावाचं इथे काही नाही. सगळ्या वर्गाला हेच उत्तर आलं. वीस मशीनवर दाटीने बसलेली बत्तीस पोरं आपापलं नाव सांगत होती आणि मशीन एकेकाला नाकारत होती.

मी दहा मिनिटं फळ्यासमोर उभा राहून, "विजेचा काही प्रॉब्लेम असेल," असं म्हणालो. हो, हेच म्हणालो.

मावशी मागून आल्या. सुनीताच्या खांद्यावरून वाकून हाक मारायच्या नावापुढे त्यांनी फक्त तीनचा आकडा जोडला. मशीनने सुनीताला नमस्कार केला.

"जुनीले नाव देल्लं का ते त्याचा हिशेब करायले बसते, सर," त्या म्हणाल्या. "नवी चुपचाप नाव ठेवून घेते. मी पाहून ठेवलं होतं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मावशींसाठी. मीही वाजवल्या, पण माझ्या टाळ्यांत मजा नव्हती. त्याच दिवशी मी ठरवलं की या लॅबमधून जुनी आवृत्ती हाकलायची.

शनिवारी दुपारी मी पहिल्या मशीनवर बसलो आणि जुनी काढून टाकायची आज्ञा दिली. मशीनने एक यादी दाखवली. तिच्यासोबत आणखी कायकाय जाईल त्याची. यादी पडद्यावर मावत नव्हती. शेवटी प्रश्न होता, पुढे जायचं का?

"लय मोठी यादी हाय," मावशी मागून म्हणाल्या. "वाचून घ्या ना सर."

"मावशी, ती सगळी तिचीच पिल्लावळ आहे. जाऊ द्या."

"राहू द्या ना तिले. ते बी काही काम करून राहिली असंन."

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणालो आणि होकाराचं बटण दाबलं. हे वाक्य मी इथे लिहितोय कारण मावशींशिवाय दुसऱ्या कोणी ते ऐकलेलं नव्हतं.

काहीच झालं नाही. मशीन चालू होती, पडदा जिथल्या तिथे. मी दुसऱ्या मशीनवर गेलो, मग तिसऱ्या. सतराव्याजवळ पोचलो तेव्हा मावशी खुर्ची आडवी लावून उभ्या होत्या.

"सतरा नंबर बंद हाय, सर."

"काल तर चालू होती."

"आज बंद हाय."

मी अठराव्यावर गेलो. साडेचारला काम संपलं. घरी जाताना मी स्वतःला एक समोसा खाऊ घातला.

सोमवारी सकाळी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सी भाषेची, माझ्या पायथनशी तिचा काही संबंध नव्हता. नागपूरहून बाहेरचे परीक्षक यायचे होते. साडेनऊला मशीन सुरू केल्या आणि एकामागून एक एकोणीस पडदे काळे आले. चित्र नाही, बाण नाही, खिडक्या नाहीत. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नुसता एक प्रश्न, तुमचं नाव काय? ती जुनी आवृत्ती लॅबमध्ये नुसती पोरांच्या अभ्यासासाठी नव्हतीच. मशीनचा अर्धा संसार तिच्या खांद्यावर होता. शनिवारच्या यादीत तो सगळा लिहिलेला होता. इंटरनेट लावणारा कारागीरही त्याच यादीतून गेला होता, त्यामुळे काही परत उतरवून घ्यायची सोय नव्हती.

मी खुर्चीत बसलो. खरं सांगायचं तर खुर्चीच माझ्याखाली आली.

"मेली, मावशी. सगळी मेली."

मावशींनी बोटं पदराला पुसली. नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला. दोन-तीन आज्ञा देऊन बघितल्या.

"मेली नाई," त्या म्हणाल्या. "तोंड गेलं फक्त. आतून सगळी जितीच हाय. सी चालते."

मग त्या फळ्याकडे गेल्या. चौदा वर्षांत त्यांनी फळा फक्त पुसला होता. त्या दिवशी लिहिला. फाईल कशी उघडायची, कशी ठेवायची, प्रोग्रॅम कसा तपासून घ्यायचा, कसा चालवायचा. पाच ओळी, अक्षर मोठं आणि जरा तिरकं. पोरं आली तशी प्रत्येकाला फळा दाखवत म्हणाल्या, "घाबरू नका. ह्या पाच ओळी. बाकी तुमचं तुमाले येते." छापायचं काम सतरा नंबरवरून होणार होतं. पेनड्राइव्ह घेऊन त्या मशीनमशीनपाशी फिरणार होत्या.

परीक्षक आले. काळे पडदे बघून थबकले. "हे काय? डेस्कटॉप कुठाय?"

मी "विजेचा काही..." असं सुरू केलं.

"परीक्षा हाय ना, सर," मावशी म्हणाल्या. "पोरं खेळ खोलून बसतात. म्हणून आमच्या सरांनी बंद करून ठेवलं."

परीक्षक माझ्याकडे वळले. "वा! ही शिस्त नागपुरातसुद्धा नाही."

"थँक यू, सर," मी म्हणालो.

सगळी पोरं पास झाली. सुनीता पहिली आली. परीक्षक दुपारी आनंदाने परत गेले आणि संध्याकाळी प्राचार्यांनी मला बोलावलं. ऑफिसातल्या कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की एकोणीस मशीन बिघडल्या आहेत.

"उस बाई को सौ बार बोला," ते म्हणाले, "मशीनला हात लावायचा नाही. झाडू मारा, घरी जा. तिनेच केलं ना?"

मी म्हणालो, "बघतो, सर."

माझ्या आयुष्यातली ही दोन शब्दांची कामगिरी मी बऱ्याचदा आठवतो. खोटं नव्हतं ते. नुसतं 'बघतो'.

मंगळवारी मावशींना कारणे दाखवा नोटीस मिळाली. मंगळवार, बुधवार आम्ही दोघं शेजारी बसून एकेक मशीन पुन्हा उभी करत होतो. त्या सीडी घालायच्या, मी वाट बघायचो. नोटिशीबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही. जून दोन महिन्यांवर होता. ऑर्डर निघायची की नाही हे त्या नोटिशीवर ठरणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या नोटीस आणि एक कोरा कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"सर, एवढं उत्तर लिहून द्या ना. माजी बोली हाफिसात चालत नाई. तुमाले येते तसं."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. त्यांना खरंच लिहून हवं होतं. मी पेन घेतलं. 'मा. प्राचार्य साहेब, मी खाली सही करणारी' इथपर्यंत छान आलं. मग पेन थांबलं.

"काय लिहू?"

"जे झालं ते लिहा."

मी 'करणारी'तली वेलांटी बघत बसलो. मग ती ओळ खोडली, 'करणारा' असं लिहिलं आणि अर्ध्या पानात सगळं लिहून काढलं. यादी, होकाराचं बटण, सगळं. फक्त 'तुम्हाला नाही कळायचं' तेवढं सोडलं. तो कागद घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. नोकरी गेली तर वडिलांना काय सांगायचं, त्याची वाक्यं वाटेतच जमवून झाली होती.

प्राचार्यांनी वाचलं आणि हसले. "अरे भाई, तुम्ही केलं? मग प्रयोग करत असाल. होता है." त्यांनी मला बसवलं आणि चहा मागवला. मला नोटीस आली नाही. त्याच चुकीला मावशींकडे गुन्हा म्हणत होते, माझ्याकडे प्रयोग. चहा चांगला होता. मी प्यायलो.

लॅबमध्ये येऊन मावशींना सांगितलं, "झालं. मी सांगितलं त्यांना."

त्या सीडी पुसत होत्या. "तीन दिवस लागले तुमाले," त्या म्हणाल्या. मग सीडी पाकिटात सरकवत, "माजा कागद निघाला का फाईलीतून?"

हे मी विचारलंच नव्हतं. पुन्हा ऑफिसात गेलो. बाबू म्हणाले, आवक झालेला कागद निघत नसतो. निघत नसेल तर माझा कागद त्याला टाचा, मी म्हणालो. ते नाही म्हणाले, मी खुर्ची ओढून बसलो. पाच वाजता त्यांनी कंटाळून टाचणी मारली. जूनमध्ये मावशींची ऑर्डर निघाली.

त्यानंतर चार वर्षं आम्ही एकत्र काम केलं. मी यादी वाचायला शिकलो. त्या मला घरून कधी उकडलेले शिंगाडे आणायच्या, कधी नुसतंच म्हणायच्या, "सर, आज तुमी फार हुशारी करून राहिले, जरा जेवून घ्या." तीन दिवसांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला तो काढायचा होता, पण त्या एकट्या असताना धीर व्हायचा नाही आणि चारचौघांत जागा मिळायची नाही.

त्यांचं वय झालं तेव्हा लॅबमध्येच छोटा निरोप समारंभ ठेवला. साडी, नारळ, बिस्किटं. भाषण माझ्याकडे होतं. मी तीन पानं लिहून आणली होती. पहिल्या दोन पानांत कौतुक. तिसऱ्यात तो शनिवार, ते 'बघतो', ते तीन दिवस, आणि सगळ्यांसमोर माफी.

मी दुसरं पान उलटलं आणि मावशी उठल्या. साडी पिशवीत घातली, नारळ वर ठेवला.

"सर, गाडी येऊन राहिली. तुमी बोला. मी आयकलं समजा."

सगळे हसले. त्या सगळ्यांना हात जोडून, दाराशी चपला घालून, जिन्याने खाली गेल्या.

मी तिसरं पान वाचलं. लोक तेही विनोदी समजून हसले, फक्त प्राचार्य बिस्किटांच्या ताटलीकडे बघत होते. 'तुम्हाला नाही कळायचं' हे वाक्य मी त्यात लिहिलं होतं, ते वाचून झाल्यावर पाणी प्यायला खिडकीशी थांबलो. खाली फाटकाजवळ मावशी एका रिक्षावाल्याशी भांडत होत्या. तो दहा म्हणत असावा, त्या पाच. मग त्याने मागची सीट हाताने झटकली, मावशी नारळ मांडीवर घेऊन बसल्या आणि रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला लागली.