एकही खवला उडणार नाही

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, ताजी तांबोशी साफ करायला बसले होते. अंगात एप्रन आणि हातात खवले काढायचं नवं यंत्र. "बघच, एकही खवला उडणार नाही," असं म्हणून ते यंत्र डोक्याकडून शेपटीकडे फिरवू लागले, मांजर कुरवाळावं तसं. मासा नुसताच चकचकीत झाला.

"अहो भावोजी, शेपटीकडून वर घासा," मी म्हटलं.

"तू थांब गं. इम्पोर्टेड आहे."

शेवटी ताईनेच शेपटी धरली आणि सुरीच्या पाठीने खसाखसा खवले काढले. भावोजी वाकून चुका शोधत राहिले.

असल्या माणसांची मला कीवही येत नाही. यांना मासा ताजाच हवा, पण तो कधीकाळी पाण्यात होता याची खूण घरात नको. एवढंच असेल तर बटाटे खावेत.

जेवताना भावोजी पंगतीला बोलावलेल्या शेजाऱ्यांना यंत्राचं कौतुक सांगत होते. त्यांच्या कपाळावर, अगदी टिकलीच्या जागी, एक खवला वाळून चमकत होता. ताईने तो पाहिला, मीही पाहिला.

ताईने त्यांना आणखी थोडा भात वाढला.