तीन बोटांचा तास

आमच्या शाळेत आरोग्याचा तास म्हणजे धर्मशाळा होती. गणिताचा धडा मागं पडला, घ्या आरोग्याचा तास. गॅदरिंगचा सराव करायचाय, घ्या आरोग्याचा तास. मी रुजू झाले आणि गणिताच्या सरांना तोंडावर सांगितलं, "सर, हा तास माझा आहे आणि माझाच राहील. वर्गमूळ पुढच्या वर्षीही शिकवता येतं." सरांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. शहरातून रोज बसचे धक्के खात मी करमाडच्या बाजूला येते, ती काय दुसऱ्यांचे मागं पडलेले धडे भरून काढायला? आजपर्यंत माझा तास कुणाला दिलेला नाही.

त्या दिवशी नववीला तंबाखूचा पाठ होता. पोरं पोपटासारखी बोलत होती. तंबाखू वाईट, गुटखा वाईट, कॅन्सर होतो. म्हटलं, "कोण कोण खातं?" एकही हात वर नाही. अहाहा, सगळे संत! मग मी पुस्तक मिटलं. "अंगठा आणि करंगळी सोडा. मधली तीन बोटं जोडून, उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. तोंड पूर्ण उघडत असलं तर तिन्ही बोटं जातात."

वर्गात नुसता धिंगाणा. कुणी लाळ गाळतंय, कुणी शेजाऱ्याच्याच तोंडात बोटं घालतंय. मी ओळीओळीतून फिरत होते. खिडकीपाशी एक मुलगी मान खाली घालून बसलेली दिसली. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन हीच करायची. आवाज खणखणीत, भीड कुणाचीच नाही. तिची दोनच बोटं जात होती, तीही रडतखडत.

"मॅडम, माझी बोटं जाड आहेत," ती म्हणाली.

जाड कसली! तुरीच्या शेंगांसारखी बारीक बोटं. तास संपल्यावर तिला बाजूला घेतलं. तंबाखू नाही, गुटखा नाही. फक्त गोड सुपारीच्या पुड्या. तिसरीपासून. हल्ली तिखट खाल्लं की तोंडात आग होते, म्हणून भाजी पाण्यात धुऊन खाते, असंही तिनं सांगून टाकलं. सुपारीनं तोंड आखडायला लागलंय हे मला कळत होतं, आणि हे असंच चालू राहिलं तर पुढं कॅन्सर होऊ शकतो तेही.

आईला बोलावणं धाडलं. ती शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पाळी सुटल्यावर तशीच आली, चिडलेली.

"माझी लेक काय बी खात नाय मॅडम. गुटख्याला तर आमच्या घरात कुणी शिवत नाय. सुपारी मीच देते, डब्यासंगं. जेवल्यावर पचाया बरी, मी बी खाते."

"ताई, तीच बंद करायचीय. आणि उद्याच तिला दातांच्या सरकारी दवाखान्यात न्यायचंय."

"दवाखान्यात? अन् गावात बोभाटा झाला म्हंजे? उद्या हिला पाहुणे बघाया येतील, त्यास्नी काय सांगू, पोरीचं तोंड उघडत नाय?" तिचा आवाज चढला. "अन् सुपारी तर देवाला चालती. मग लेकराला कामून चालत नाय?"

"देव ती चावत नाही, ताई!" मीही भडकलेच.

तिला हसू आलं, पण ओठ जेमतेम हलले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही बाई आल्यापासून दात न उघडताच बोलतेय. मी आवाज खाली आणला. "तुम्ही घाला बरं बोटं."

लेकीनं आईला बोटं कशी धरायची ते दाखवलं. आईचं एकच बोट गेलं. तिनं पुन्हा घालून बघितलं, जोर लावून. एकच.

"मला वाटायचं, वयानं होत आसंल," ती म्हणाली. मग लेकीकडं बघत राहिली. "म्हंजे मीच माझ्या हातानं…"

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात आल्या. मी रजा टाकून गेले होते. डॉक्टरीण बाईंनी मुलीला तपासलं. सुरुवात आहे, म्हणाल्या. सुपारी कायमची बंद, औषध आणि तोंडाचे व्यायाम नेमानं, म्हणजे पुढं वाढणार नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी आईच्या तोंडात बॅटरी मारली आणि छोटा आरसा आत सरकवून पुन्हा बघितलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागणार होता.

बाहेर बाकावर आम्ही तिघी नंबराची वाट बघत बसलो. मुलीनं आईचा पदर मुठीत धरला होता.

"मॅडम, आईच्या शाळेत हा तास नव्हता का?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, तसंच दात मिटून. "आसंल की. पण तो नववीला ना? मला सातवीतूनच काढली."