उरणहून चौलला, भावाच्या मागे बसून

अण्णा पहाटे गेले, हे त्या दिवशी चौलच्या आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, त्यांच्या मुलीला. मी उरणला माझ्या घरी गॅसपुढे उभी राहून त्यांच्यासाठी मुगाचं कढण ढवळत होते.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. "जरा सीरियस आहे, निघून ये," एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानेही समजून न समजल्यासारखं निघायचं असतं. ही रीत मला नवी नव्हती. दुसऱ्यांच्या बाबतीत मी ती स्वतः पाळली आहे. तरी सकाळी काकांचा फोन आला तेव्हा मला शंकासुद्धा आली नाही, कारण त्या पावसाळ्यात अण्णा आधीच दोनदा सीरियस झाले होते. दोन्ही वेळा मी रडत चौल गाठलं आणि दोन्ही वेळा अण्णा उशीला टेकून बसलेले. दुसऱ्या खेपेला तर मला बघून म्हणाले, "आलीस? याही वेळी तुझी फेरी फुकट गेली गं." असा माणूस तिसऱ्या वेळी खरंच जाईल, हे डोक्यात कुठून येणार?

काका म्हणाले, "तुझा भाऊ निघालाय तुला घ्यायला. तयार राहा."

नवरा तेव्हा कामासाठी गुजरातला गेला होता. एरवी मी एकटीच करंज्याला जाते, होडीने रेवसला उतरते आणि पुढे एसटी धरते. पण बंदरावर वादळाचा बावटा लागला होता आणि होडी बंद होती. म्हणजे पेण, वडखळ असा सगळा वळसा आला. वडखळची कोंडी तर आमच्या पाचवीलाच पुजलेली. तिथे चारचाकी अडकली की अडकली, मोटरसायकल मात्र कशीही मधून निघते. म्हणून भाऊ मोटरसायकल घेऊन आला, यात मला काही वावगं वाटलं नाही.

तोच का आला, ते नंतर कळलं. आई त्याला म्हणाली होती, "तूच जा. दुसरं कोणी गेलं तर तिला दारातच कळेल." बाप माजघरात निजवलेला आणि मुलगा भर पावसात बहिणीला आणायला निघालेला. लेक आल्याशिवाय उचलायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

तो आला तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. रेनकोट होता, पण आमच्याकडच्या पावसात रेनकोट म्हणजे नुसतं मनाचं समाधान. पायांत चपला नव्हत्या. पावसात पुष्कळ जण चपला पिशवीत टाकून अनवाणी गाडी चालवतात, म्हणून मी त्याबद्दल विचारलं नाही. तो घरात आलाच नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत तसेच. चल ताई."

"अरे, आत ये, डोकं तरी पूस. चहा टाकते."

"नको, उशीर होईल. तुझा फोन दे इकडे, भिजेल."

मी दिला. त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आतल्या खिशात ठेवला. ठेवताना बंद केला, ते मी पाहिलं नाही. तोवर भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती.

कढण मी थर्मासमध्ये भरून घेतलं. आलं घातलेलं, वर थोडं तूप. शेवटी शेवटी अण्णांच्या घशाखाली तेवढंच उतरत होतं. आईच्या हातचं कढण त्यांना पाणचट लागायचं, पण हे त्यांनी आईला कधी सांगितलं नाही, मला सांगितलं. आमचं बापलेकीचं अशा बारीकसारीक चहाड्यांवर छान चालायचं.

खोपट्याच्या पुलावर वारा असा आडवा आला की मी त्याच्या कमरेला मिठीच घातली. शेजारून कंटेनरचे ट्रेलर जात होते आणि प्रत्येक ट्रेलर चिखलाच्या पाण्याने आम्हांला आंघोळ घालत होता. पावसात मागे बसणाऱ्याचं एक बरं असतं, पाऊस निम्मा पुढचाच खातो. वाईट एवढंच की पुढच्याची फक्त पाठ दिसते. त्याच्या तोंडावर काय चाललंय ते कळायला मार्ग नसतो, आणि वर हेल्मेट.

पूल उतरताना मी अण्णांना रात्री काय भरवायचं ते सांगत होते आणि तो गाडी फार हळू चालवत होता. हा तोच मुलगा, ज्याच्या वेगापायी अण्णांनी एकदा चावी लपवून ठेवली होती. चिरनेर मागे पडेपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. शाळेत वर्गापुढे बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की हेल्मेटमधूनही पोचतो.

"गाडी चालवतोयस की वरात काढलीयस?"

"रस्ता ओला आहे, ताई."

"पावसाळ्यात रस्ता ओलाच असतो. हाण जरा. तुझ्यामुळे अण्णांची भेट चुकली ना, तर जन्मभर बोलणार नाही तुझ्याशी."

यावर त्याने वेग जराही वाढवला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, याला कशाचं काही नाही. रोज घरात आजारपण बघून बघून माणूस निबर होतो म्हणतात, तसा हा झालाय.

महामार्गाला लागलो आणि खड्डे सुरू झाले. राग धरून ठेवणं मला फार वेळ जमत नाही, त्यात प्रत्येक खड्ड्याला जीव वर यायचा. मग मी अण्णांच्या गोष्टी काढल्या. अण्णा पावसात याच्या मागे बसले की छत्री उघडायचे. चालत्या मोटरसायकलवर! हा ओरडायचा, "अण्णा, छत्री मिटा, गाडी ओढली जातेय." त्यावर अण्णा म्हणायचे, "तू पुढे बघ. वरचं मी बघतो." एकदा नागावजवळ वाऱ्याने ती छत्री उलटी केली आणि उडवून कुणाच्या तरी सुपारीच्या वाडीत टाकली. अण्णा या वयात दगडी गडगा चढून आत गेले. वाडीवाला निघाला त्यांच्या शाळेतला सोबती. मग काय, आत बसून पोहे झाले, चहा झाला, सुपारीच्या भावावर चर्चा झाली, आणि हा बाहेर रस्त्यावर पावसात मोटरसायकल धरून उभा.

ही गोष्ट मी त्याच्या कानात ओरडून ओरडून सांगितली. सांगताना मी स्वतःच इतकी हसले की पावसाचं पाणी तोंडात गेलं. त्याचेही खांदे हलत होते. मला वाटलं, चला, हसला एकदाचा.

"बरे झाले ना, की त्यांना आधी एक चांगली छत्री घेऊन देते," मी म्हटलं. "दांडीला दोरी बांधलेली. हातात अडकवायची म्हणजे उडायला नको."

वडखळला पोचलो तर पावसाने कहर केला. मोटरसायकलसुद्धा हलेना. एका चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली गाडी घातली. टपरीवाल्या बाईने बाकडं पुसून दिलं. "बस गं बाय. यवढ्या पावसात कुठं जाशील, गाडी न्हाय हलायची आता." भावाने हेल्मेट काढलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याला नीट पाहिलं. डोळे लालभडक, ओठ काळेनिळे, आणि हुडहुडी भरल्यासारखा थरथरत होता. पावसाचा मारा डोळ्यांवर बसलाय, असं मी धरून चालले.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही."

"मग मरणारेस का गारठून?" मी थर्मास उघडला आणि झाकणात कढण ओतलं. "घे."

"नको. भूक नाही मला."

"भुकेचं नाही विचारलं. घे म्हटलं ना."

"अण्णांचं आहे ते," तो म्हणाला.

"त्यांना एवढं कुठे लागतं? दोन चमचे घेतात आणि तोंड फिरवतात. मुकाट्याने पी."

त्याने झाकण ओंजळीत धरलं आणि नुसता त्यात बघत राहिला. मी म्हटलं, "तुला मी आता भरवायचं का?" तेव्हा त्याने ते एका दमात पिऊन टाकलं. मी ओढणी पिळून त्याचं डोकं पुसलं. तो लहान असताना शाळेतून भिजून यायचा तेव्हाही मीच पुसायची. त्याने मान रस्त्याकडे वळवली आणि पाऊस थोडा उणावेपर्यंत तसाच बसून राहिला.

पोयनाड गेलं, कार्लेखिंड गेली, अलिबाग गेलं. मी मागून बेत सांगत होते. आज रात्री अण्णांजवळ मी बसते, तू गाढ झोप. उद्या त्यांचे केस कापायला कुणाला तरी घरी बोलावू, फार वाढलेत. दाढी मी करीन. आईला म्हणावं, तू दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस. तो मधूनमधून "हो" म्हणत होता.

आळीत वळलो. आमच्या घरापुढे चपलांचा ढीग पडला होता आणि त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं. एवढी माणसं असून आवाज कसला तो नाही. काका फाटकाशी बिनछत्रीचे उभे होते. ते माझ्याकडे बघेनात, तेव्हा मला कळलं.

"उतर ताई," भाऊ म्हणाला. गाडी त्याने स्टँडवर लावली नव्हती. दोन्ही पाय जमिनीवर रोवून तो ती तशीच धरून होता, कारण मला उतरता येत नव्हतं. पुढचं मला सलग आठवत नाही. थर्मास काकूने माझ्या हातातून काढून घेतला एवढं आठवतं. स्मशानाच्या शेडखाली भावाने अग्नी दिला, ओल्या लाकडांमुळे फार वेळ लागला. मी त्याच्याशी बोलले नाही. मला फसवून आणलं याचाच राग इतका होता की रडण्याला तो पुरून उरला. माझ्या नशिबी बापाची शेवटची भेट नव्हती, आणि तेवढ्या वाटेत मी छत्रीच्या गोष्टी सांगून हसत होते. या हसण्याची मला फार लाज वाटायची. अजूनही वाटते.

दहाव्याला आम्ही तळ्यावर गेलो. हल्ली आमच्याकडे बायकाही जातात. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि आकाशात एक कावळा दिसेना. पिंड ठेवून सगळे लांब उभे राहिले. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, असं धरून एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. काकांनी अण्णांची वाडी नीट बघू म्हणून सांगितलं. आईचं सगळं मी करीन, असं मी सांगितलं. पावसात कावळे झाडांत दडून बसतात, हे समजत का नव्हतं आम्हांला? समजत होतं. तरी प्रत्येक जण आपापलं सांगत होता.

शेवटी भाऊ पुढे गेला. तो उघडा भिजत होता म्हणून मी त्याच्या डोक्यावर छत्री धरली, नाहीतर मला ते ऐकू आलंच नसतं. हात जोडून तो हळूच म्हणाला, "अण्णा, चुकलं माझं. तुम्ही घरात होता आणि मी वडखळला तुमचं कढण प्यायलो. ताईला नाही म्हणता आलं नाही."

अग्नी देईपर्यंत मुलाने तोंडात काही घालायचं नसतं. ते मला त्या क्षणी आठवलं. बाप घरात निजवलेला असताना मी त्याला रागावून, भरवायची धमकी देऊन प्यायला लावलं होतं, आणि मला कळू नये म्हणून तो प्यायला होता. दहा दिवस हे ओझं त्याने एकट्याने वागवलं. कावळा काही आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

बाकीचे पायी निघाले. मी त्याच्या मागे बसले. पाऊस होताच.

"वेड्या, मला सांगायचंस ना वाटेत," मी म्हटलं. "मी काही गाडीवरून पडले नसते."

"सांगणार होतो. काका नको म्हणाले होते, तरी खोपट्याचा पूल उतरल्यावर सांगणारच होतो."

"मग?"

त्याने एक खड्डा चुकवला. मग तो म्हणाला, "घरात पहाटेपासून रडणं चाललं होतं, ताई. मी त्यातून उठून आलो. आणि तू मागे बसून त्यांना रात्री काय भरवायचं, दाढी कोण करणार, ते ठरवायला लागलीस. छत्रीला दोरी बांधायला निघालीस. मला वाटलं, अजून थोडा वेळ ऐकू. म्हणून गाडी हळू चालवली."

मी त्याच्या ओल्या पाठीवर डोकं टेकवून बसले. आमच्या आळीचं वळण आलं. त्याने गाडी वळवली नाही, रेवदंड्याच्या रस्त्याने सरळ जाऊ दिली, तशीच हळू. थोडं पुढे गेल्यावर मी डोळे पुसले आणि त्याला अण्णांची आणखी एक गोष्ट सांगायला लागले.