दाजींचं पुढचं टायर: शेवगाव ते अकोले, तीन दिवस

शेवगावहून अकोल्याला सायकलनं जायचं तर रस्ता कसा आहे, असं विचारणारे दोन-तीन निरोप गेल्या महिन्यात आले, म्हणून लिहायला बसलोय. खरं तर कंटाळा आलाय. गुडघे बोलतात, डोळ्यांना पडद्यावरचा उजेड सोसत नाही, आणि तो प्रवास आठवला की अजून अंगातलं बळ गेल्यासारखं होतं. पण रस्ता मला पाठ आहे. आणि टायर कधी बदलावं, हे माझ्याइतकं महागात शिकलेला माणूस आमच्या तालुक्यात तरी नसावा.

बहात्तरच्या दुष्काळातला शिमगा नुकताच झाला होता. माझी मोठी बहीण शांताताई बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे शेवगावला आली होती. तिचे यजमान, आमचे दाजी, तीन वर्षं मास्तरकीची वाट बघत होते. शेवटी कागद आला. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली शाळा. सोमवारी अकरापर्यंत अकोल्याला पंचायत समितीत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक यादीतल्या पुढच्या माणसाला. शाळा सडकेपासून बरीच आत होती, म्हणून सायकल बरोबर हवीच. दाजींचं म्हणणं होतं, सायकल एसटीच्या टपावर टाकू आणि बसून जाऊ. सायकलनंच जाऊ, हे खूळ माझं. मी बावीस वर्षांचा, रिकामटेकडा, आणि मला भंडारदऱ्याचं धरण बघायचं होतं. आमच्याकडे तेव्हा पाणी टँकरनं यायचं. एवढं पाणी एका जागी साठलेलं कसं दिसतं, ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. दाजी भिडस्त. मेहुण्याचं मन कशाला मोडा म्हणून हो म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी दाजींची सायकल उस्मानभाईंच्या दुकानात नेली. उस्मानभाईंनी मागचं चाक उलटं फिरवलं, मध्येच थांबवलं आणि अंगठ्यानं एक जागा दाबली. "बाळू, दोरा दिसाय लागला रं. ह्ये टायर गेलं म्हन आता."

"मग बदला की."

"माल मंगळवारी यील नगरवरनं. तवर थांबा, न्हाईतर गपगुमान एसटीनं जावा."

मंगळवारपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं, आणि एसटीचं नाव मला नको होतं. मी तोडगा काढला: मागचं टायर पुढं घाला, पुढचं मागं. तेव्हा सगळे तेच करायचे. माणसाचं आणि सामानाचं वजन मागच्या चाकावर, पुढं काय, नुसतं हँडल. मग झिजलेलं टायर पुढं टाकायचं आणि चार-सहा महिने ढकलायचे. उस्मानभाई म्हणाले, "गावातल्या गावात ठीक हाय. लांबच्या वाटंला म्या न्हाई करनार." पण गिऱ्हाइकाचा हट्ट म्हणून त्यांनी टायरांची अदलाबदल केली. जिथं दोरा दिसत होता तिथं आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला. त्याला गेटर म्हणतात.

शनिवारी पहाटे निघालो. कुकाण्यापर्यंत मजा वाटली. पुढं मात्र दुष्काळी कामं सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं खडी फोडत बसलेली, आणि फोडलेली खडी रस्त्यावर नुसती पसरून ठेवलेली. रोलर कधी येईल तेव्हा येईल. ताज्या फोडलेल्या दगडाला धार असते हो. डोक्यावर पदर ओढून हातोडी चालवणारी एक बाई ओरडली, "भाऊ, कडंकडंनं जावा! ही खडी लई वंगाळ, पायातल्या चपला कापती!" आम्ही उतरलो आणि पाऊण तास सायकली ढकलत चाललो. समोरून वारा, वरून ऊन. तुम्ही आज जाल तेव्हा तिथं गुळगुळीत डांबर असेल, तेव्हा माझं रडगाणं सोडून द्या. वारा मात्र तोच आहे. फाल्गुनात निघालात तर सकाळी दहाच्या आत जेवढं तोडता येईल तेवढं तोडा.

नेवाशाला भाकरी सोडली. भाकरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, तांबडी आणि वातड, वर शेंगदाण्याची चटणी. चहा पंधरा पैशांना, पाणी मागितलं तर हॉटेलवाल्यानं अर्धाच पेला दिला. दाजी वरच्या खिशातला नेमणुकीचा कागद तेवढा दर दोन मैलांनी चाचपून बघत होते. श्रीरामपूरला पोचेपर्यंत दोघांच्याही मांड्या दगड झाल्या होत्या. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत पडलो ते सकाळीच उठलो.

आता जे लिहितोय ते आजवर कुठंच सांगितलं नाही. रविवारी सकाळी दाजी तोंड धूत होते आणि मी हवा बघत होतो. पुढच्या टायरवरून हात फिरवला तर एका जागी फुगा लागला, बोराएवढा. गेटरच्या शेजारी टायर फाकून आतली ट्यूब बाहेर डोकावू बघत होती. मी ते बोटानं दाबून पाहिलं. त्याचा अर्थ मला चांगला कळत होता.

श्रीरामपूर मोठी बाजारपेठ. सायकलची दुकानं होती, नवीन टायरंही टांगलेली दिसत होती. पण रविवार, दुकान दहाला उघडणार, असं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. आम्ही उभे होतो साडेसातला. दाजींनी विचारलं, "थांबायचं का बाळासाहेब? चालेल ना हे टायर?"

"चालेल," मी म्हणालो.

का म्हणालो? अडीच तास थांबलो असतो तर भर उन्हात निघावं लागलं असतं. शिवाय टायर बदललं असतं तर उस्मानभाई बरोबर आणि मी चूक ठरलो असतो. बाकी काही नाही. इतक्या फालतू गोष्टीसाठी माणूस खोटं बोलतो.

बाभळेश्वर, लोणी, मग संगमनेर. कालव्याच्या काठानं थोडा ऊस हिरवा दिसला तेव्हा दाजी सायकलवरून उतरून नुसते बघत राहिले. म्हणाले, "पोर झालं की दोघांना अकोल्याला घेऊन येईन. तिकडं हिरवं असतं म्हणतात." मी पुढच्या चाकाकडं बघायचं टाळलं. संगमनेरला येईपर्यंत टायर टिकलं आणि मीच स्वतःला शहाणा ठरवून झोपलो.

सोमवारी सहाला निघालो. अकोलं तिथून जेमतेम चौदा-पंधरा मैल. कळस गावाच्या अलीकडं एक उतार होता. दाजी पुढं, मी मागं. फटाका फुटावा तसा आवाज झाला, हँडल आडवं झालं आणि दाजी थेट खडीच्या ढिगावर गेले. मी पोचलो तेव्हा ते उठून बसले होते. उजवा हात कोपरातून भलतीकडंच वळला होता. मग डाव्या हातानं त्यांनी खिसा चाचपला.

मागचं टायर फुटलं तर सायकल फार तर डुलते. पुढचं फुटलं तर माणूस जातो. वाचणाऱ्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा: चांगलं टायर पुढं. दोरा दिसला, कडेला चिरा पडल्या, हाताला फुगा लागला, की ते टायर संपलं. त्याला घरी पोचेपर्यंतची मुदत देऊ नका.

खडीवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी आपलं धोतर टराटरा फाडून दाजींचा हात गळ्यात बांधला. "दादा, दवाखान्यात चला आदी."

"आधी कचेरी," दाजी म्हणाले. "अकरा वाजायच्या आत."

फुटकी सायकल बाबांकडं ठेवली. दाजींना माझ्या कॅरिअरवर बसवलं आणि निघालो. प्रत्येक खड्ड्याला मागून एक हुंकार यायचा. मी माफी मागायला तोंड उघडायचो आणि धापेशिवाय काही निघायचं नाही. चढाला उतरून ढकलायचो; दाजी डाव्या हातानं माझा खांदा धरून बसलेले. पायातलं त्राण गेलं होतं आणि थांबायची सोय नव्हती.

कचेरीत पोचलो तेव्हा अकराला थोडाच वेळ होता. हजर रिपोर्ट मी लिहिला. सही दाजींनी डाव्या हातानं केली, ती वेडीवाकडी आली. कारकुनानं ती जुन्या अर्जावरच्या सहीशी लावून बघितली. "गुरुजी, ही सही जुळत न्हाई."

दाजी घामानं डबडबलेले, भिंतीला टेकून उभे. मागच्या टेबलावरचे हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, हात बघा की त्यांचा. घ्या हजर करून, आणि दवाखान्यात धाडा कुणाबरोबर तरी."

नोकरी राहिली. कोपर राहिलं नाही. हाड वाकडंच जुळलं, आणि पुढं सगळी नोकरी दाजींनी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहून काढली. त्यापेक्षा वर हात जायचाच नाही. भंडारदऱ्याचं धरण त्या खेपेला मी पाहिलं नाही. दोन दिवस दवाखान्यात बसलो आणि माझी सायकल एसटीच्या टपावर टाकून घरी आलो.

घरी ताईनं पहिला प्रश्न टायरचाच विचारला. टायर झिजलेलं होतं हे उस्मानभाईंनी तिला सांगितलं होतं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात दाजींचं कार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरातलं. त्यात लिहिलं होतं: श्रीरामपूरला बाळू टायर बदलू म्हणत होता, मीच नको म्हणालो, त्याला बोलू नकोस. ताईनं ते मोठ्यानं वाचलं आणि मी तिथंच उभा असून गप्प बसलो. पुढं दाजींशी कितीदा तरी एका ताटात जेवलो. त्यांनी विषय काढला नाही, आणि मलाही काढवला नाही.

दाजी जाऊन वर्ष झालं. परवा वर्षश्राद्धाला ताई आलेल्या पाहुण्यांना सांगत होती, "फार हट्टी माणूस. बाळू सांगत होता टायर बदला, ऐकलं नाही. जन्माचा हात घालवून बसले." सगळे माझ्याकडं बघून माना डोलावत होते. मी पुन्हा गप्प.

ताई, तुझा नातू तुला माझं लिखाण वाचून दाखवतो, हे मला माहीत आहे. तर ऐक. एसटीनं जाऊ, असं दाजी म्हणाले होते. थांबायचं का, असंही त्यांनी विचारलं होतं. टायरला फुगा आलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं, मला होतं, आणि मी चालेल म्हणालो. मला काय बोलायचं ते बोल. त्यांना मात्र हट्टी म्हणू नकोस.