भाताच्या देशात बाईंचा उपास

बाईंच्या तोंडासमोर शिऱ्याचा चमचा होता. चमचा शर्माजींच्या बायकोच्या हातात होता आणि तिच्यामागे आमच्या सोसायटीची बावीस माणसं सकाळपासून उपाशी उभी होती. बँकॉकमधलं हिंदुस्तानी लोकांचं देऊळ, दुपारचे बारा, अंगातून घामाच्या धारा. "माताजी, मुँह खोलिए," शर्माजींची बायको म्हणाली. रव्याचा शिरा, तुपात थबथबलेला. रवा म्हणजे गहू, आणि गहू म्हणजे बाईंना विष. हे त्या देवळात दोघींनाच माहीत होतं, बाईंना आणि मला. मी बोलणार इतक्यात बाईंनी माझ्या पायाच्या अंगठ्यावर टाच दाबली आणि स्वतःचं तोंड उघडलं.

एवढी शिकलेली आणि एवढी पक्की खोटारडी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. खोटं एकच होतं, पण ते त्यांनी नऊ वर्षं रोज चालवलं. गाझियाबादला आमच्या समोरच्या फ्लॅटात त्या एकट्या राहायच्या. दिल्लीच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेलेला, मुलगी कॅनडात, तिचा फोन रविवारी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे शिकवणाऱ्या बाईला मी बाईच म्हणते, वयाने त्या माझ्याएवढ्याच असल्या तरी. तेव्हा इकडे नव्या सोसायट्या उठत होत्या. माझा मुलगा आणि सून सकाळी आठला नोएडाच्या ऑफिसात जायची ती अंधार पडल्यावर उगवायची. दिवसभर मी, फ्रिज आणि लिफ्टचा आवाज.

बाईंना हा गव्हाचा आजार पन्नाशीनंतर कळला. त्याआधी दहा वर्षं पोट सारखं बिघडतं म्हणून त्या पथ्याची मऊ पोळी दुधात कुस्करून खायच्या. मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, गहू, मैदा, रवा, जव, सगळं जन्मभर बंद. चिमूटभरसुद्धा नाही. आणि राहायच्या कुठे, तर गव्हाच्या शेतात. आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत तेव्हा गहू होता. उन्हाळ्यात मळणी लागली की भुसा थेट चौथ्या मजल्यावर यायचा. बाई खिडक्या लावून घ्यायच्या, फटीत ओली फडकी कोंबायच्या आणि नाकाला पदर बांधून बसायच्या. मी म्हणायचे, "बाई, गहू काय जिना चढून येणार आहे?" त्या म्हणायच्या, "आलाच आहे, ताई. मागच्या वर्षी चहात सापडला."

ज्वारीचं तर विचारू नका. दुकानात ज्वारी मागितली तर लाला म्हणाला, "कितनी भैंसें हैं, माताजी?" तिकडे ती जनावरांना घालतात. बाईंनी शांतपणे सांगितलं, "एक ही है, भैया. लेकिन बहुत दूध देती है." तेव्हापासून लाला दर महिन्याला म्हशीची तब्येत विचारायचा आणि बाई सविस्तर सांगायच्या. चक्कीवाल्याकडे दळायला गेल्या की आधी दोन किलो तांदूळ टाकून दगड धुऊन काढायच्या, ते पीठ त्यालाच द्यायच्या, मग आपली ज्वारी टाकायच्या. त्याला वाटायचं हा मराठी लोकांचा काही विधी असावा. तो दोन्ही हात जोडून पीठ घ्यायचा.

आता ते खोटं. बाईंनी आजार कोणालाही सांगितला नाही. कोणी खायला दिलं की म्हणायच्या, "आज उपास आहे." सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, आणि मधले जे दिवस उरले त्यांनाही त्यांनी एकेक देव लावून दिला. लग्नाला जायच्या आणि पपईच्या दोन फोडी खाऊन परत यायच्या. वर्षातून दोनदा नवरात्र आलं की मात्र खुलायच्या. सगळी सोसायटी व्रताला बसायची, शिंगाड्याच्या पुऱ्या तळायची, हॉटेलातसुद्धा व्रताची थाळी मिळायची. ते नऊ दिवस बाई सगळ्यांच्या घरी जेवायच्या. एरवी पाया पडून घ्यायच्या. हळूहळू लोक त्यांना माताजी म्हणायला लागले, बाळं आणून मांडीवर ठेवायला लागले.

मीही फसले होते. एका गुरुवारी साखर मागायला गेले तर दार उघडं, आणि माताजी मटणाचा रस्सा भाकरीशी ओरपत होत्या.

"उपासाला मटण?"

"आधी दार लावा, ताई."

मग सगळं सांगितलं. मी म्हटलं, आजारच आहे ना, लाज कसली? त्या म्हणाल्या, "आजार सांगितला की लोक उपाय सांगतात. उपास सांगितला की पाया पडतात आणि गप्प बसतात." आणि मला ताट वाढलं. त्या दिवसापासून दुपारी आम्ही एकत्र जेवायला लागलो. दुपारची पोळी मी सोडली. काही त्याग वगैरे नव्हता. मला जेवायला माणूस पाहिजे होतं.

बँकॉकची सहल शर्माजींनी काढली. तेही आमच्याच बिल्डिंगमधले, रिटायर झालेले. पाच रात्री, स्वस्तातलं हॉटेल, दोघींना एक खोली. बाईंनी सगळ्यात आधी नाव दिलं. मला म्हणाल्या, "ताई, अठ्ठावीस वर्षं मी पोरांना छडीने नकाशावर दाखवलं की इथे तांदूळ पिकतो. तिथे सगळे भातच खातात. एकदा अशा गावात जायचंय, जिथे मी चार माणसांत बसून जेवेन आणि कोणी काही विचारणार नाही." बोलताना चेहरा असा झाला की मी माझंही नाव दिलं.

तिथे गेल्यावर कळलं की आमचं सगळं जेवण एका पंजाबी हॉटेलात ठरलेलं. सकाळी पराठे, दुपारी नान, संध्याकाळी रोटी आणि वर छोले. बाजूने भाताचं पातेलं जायचं, वाफाळलेलं, आणि बाईंना घेता येत नव्हता. उपासाला भात चालत नाही. नऊ वर्षं रोज उपास केलेली बाई भाताच्या देशात भातासमोर हात जोडून बसली. बॅगेतले राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे चघळत होत्या. मी नानचा तुकडा मोडताना त्यांच्याकडे बघत नव्हते.

मग आम्ही पहाटे बाहेर पडायला लागलो. हॉटेलच्या कोपऱ्यावर एक थाई बाई गाडी लावायची, चिकट भाताच्या पुड्या आणि भाजलेली केळी. बाई काळा सॉस लावलेलं काही घेत नव्हत्या, त्यात गहू असतो असं डॉक्टरने बजावलं होतं. नुसता पांढरा भात. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर आम्ही दोघी बसायचो, गिऱ्हाईक नसलं की ती बाईही आपली पुडी सोडून शेजारी बसायची. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला. तिघी जणी हाताने भात खायचो. बाई एवढं हळू खायच्या की मला राग यायचा.

तिसऱ्या दिवशी शर्माजी पांढरे बूट घालून फिरायला निघाले आणि नेमके तिथे आले.

"अरे माताजी! चावल?"

बाईंचा घास हातात. मला वाटलं आता खरं सांगतील. सुटका होती ती. पण त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाल्या, "शर्माजी, आज व्रत पूरा हो गया."

शर्माजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नौ साल का व्रत! और खुला हमारे टूर में! नहीं नहीं, ऐसे ठेले पर नहीं. व्रत तो हम खुलवाएँगे, बिल्कुल विधि से." आणि जवळजवळ पळतच गेले.

"बाई, काय केलंत हे?"

"मला सुचलं ते बोलले हो."

दुपारपर्यंत देवळाच्या स्वयंपाकघरात शिरा आणि पुऱ्या झाल्या. माताजींनी घास घेतल्याशिवाय कोणी खायचं नाही असं ठरलं. मधुमेहवाल्या खन्नाजींनीसुद्धा चहावर सकाळ काढली. पुढचं सुरुवातीला सांगितलंच. एक चमचा नाही, बाईंनी शिऱ्याचा द्रोण संपवला. मग पंगतीत मधोमध बसून तीन पुऱ्या खाल्ल्या. शेजारणींशी गप्पा मारत होत्या, हसत होत्या, भाजी मागून घेत होत्या. मी फटकळ म्हणून सोसायटीत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी गप्प बसले.

संध्याकाळी सुरू झालं. उलट्या, जुलाब, पोटात पिळे, उभं राहता येईना. दोन दिवस बाई पलंगावर आणि मी बादली, टॉवेल, मीठ-साखरेचं पाणी. बाकीचे समुद्र बघायला गेले. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता, त्यानंतरही पाहिला नाही. थोडं बरं वाटल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

"तुम्हाला नाही म्हणायला तोंड नव्हतं का?"

"होतं म्हणून तर आत गेलं."

"हसू नका. मेला असतात."

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, हे गेल्यापासून माझ्यासाठी कोणी जेवायचं थांबलं नव्हतं. बावीस माणसं थांबली होती." आणि जरा वेळाने, "पुरी मात्र छान फुगली होती."

परत आल्यावर नवीन पंचाईत. व्रत संपलेलं, आता माताजींना सगळं चालतं. रोज एक ताट. मेथीचे पराठे, मठरी, गुजिया. बाई हसून घ्यायच्या, दार लावायच्या आणि मागून माझ्या घरी आणून ठेवायच्या. एक दिवस शर्माजींची बायको समोर बसून भरवायलाच निघाली. मी उठले आणि सांगून टाकलं, "गेहूँ से ये बीमार पड़ती हैं. मर जाएँगी." ती रडली, "पहले क्यों नहीं बताया?" मग बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. एकीने ओवा सांगितला, दुसरीने कुठला तरी वैद्य, शर्माजी म्हणाले आमच्या गावचा गहू खाऊन बघा, त्याने काही होत नाही. महिनाभर उपाय आले. मग उपाय थांबले आणि ताटंही थांबली. लग्नाची बोलावणी कमी झाली, उगीच त्यांना त्रास कशाला. बाळं यायची बंद झाली. जिन्यात लोक तब्येत विचारून पुढे जायचे.

मी सांगितलं त्या दिवसापासून अकरा दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या अकरा दिवसांत मी दुपारी उभ्याने काहीतरी खाऊन घेत होते. बाराव्या दिवशी बेल वाजली. बाई स्वतःचं ताट घेऊन उभ्या.

"मीठ आहे का?"

"आहे."

बसल्या. जेवलो. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. असंच पुढे सहा वर्षं चाललं.

बाई पोटाने गेल्या नाहीत, हृदयाने गेल्या, झोपेत. मुलगी कॅनडाहून आली, बिचारी नीट वागली, सगळं रीतसर केलं. तेराव्याला केटरर सांगितला होता. शिरा होता, पुऱ्या होत्या. सगळी सोसायटी जेवली आणि बाईंचं चांगलंच बोलली. माझ्या पानात मी भात घेतला.

आता गेटपर्यंत गहू नाही, तिथे मॉल आहे आणि त्यात बिनगव्हाची बिस्किटं मिळतात. माझी नात बारीक व्हायला खाते. समोरच्या फ्लॅटात भाडेकरू आहेत, दिवसा कुलूप असतं. दुपारी मी भाकरी करते, एकच. शर्माजी अजून भेटले की बँकॉकच्या समुद्राचं सांगतात. ते दोन दिवस त्या खोलीत बाई होत्या आणि मी होते. आता मी आहे.