एसीतला मेंढा

आमच्या वस्तीवरच्या अर्जुना खरातांनी, म्हणजे नानांनी, जन्मभर मेंढरं राखली. उन्हाळा असो की हिवाळा, झोपायचं उघड्यावर. यंदा आटपाडीचं ऊन लयच तापलं, म्हणून त्यांच्या फौजी पोरानं, रविराजनं, बापासाठी खोलीत एसी बसवून दिला. पण बंद दाराआड नानांचा डोळा लागेना. शेवटी ते अंगणात बाजेवर आले आणि एसीच्या खोलीत त्यांचा लाडका मेंढा गेला.

तेव्हापासून दुपारी तो एसी सुरू झाला, की वीज मंदावायची आणि सगळ्या वस्तीवरचे पंखे म्हाताऱ्या बैलासारखे रेंगाळायचे. एक दिवस माझा पंखा थांबलाच. मी घाम पुसत भांडायला गेलो, तर खोलीत मेंढा कुडकुडत उभा.

"ह्याला काय झालं, नाना?"

"उन्हाळा लागला म्हणून मीच कातरलाय त्याला. आता गारठतोय बिचारा."

असं म्हणत नानांनी त्याच्या पाठीवर घोंगडं पांघरलं. घोंगडंही त्याच्याच लोकरीचं.

माझं डोकंच सणकलं. "आवं, मग एसी बंद करा की. आमचं पंखं तरी फिरू द्या."

जन्मात मेंढरू न बघितलेल्या माणसाकडं बघावं, तसं नानांनी माझ्याकडं बघितलं.

"खुळा हायस का रं? अंगावर एवढं जाड घोंगडं हाय. एसी बंद केला तर उकडून मरंल की त्यो."