टॉकीजसमोरचे मुरलीधरभाऊ

मुरलीधरभाऊंची आणि माझी ओळख झाली ती मी पत्ता चुकलो म्हणून. कामरगाव सोडून रिसोडच्या शाळेत नोकरीला आलो, तेव्हा भाड्याची खोली ‘टॉकीजसमोर’ आहे, एवढेच मला सांगण्यात आले होते. मेन रोडवर ज्याला विचारावे तो हात करून म्हणे, “हे काय, पुढंच.” पुढे कापडाची दुकाने, केळीच्या गाड्या आणि मोबाइलची काचेची शोरूम. सिनेमाचा कुठे मागमूस नाही. अखेर बियाण्यांच्या दुकानातून एका गृहस्थांनी हाक मारली, “ओ साहेब, कायले उनात फिरून राह्यले? तुमी टॉकीजपाशीच उभे आहा. पाडून जमाना झाला तिले, पन पत्ता तोच हाये!”

ते गृहस्थ म्हणजे भाऊ. त्यांनी पाणी पाजले, खोली दाखवली, आणि मी कायमचा त्यांच्या दुकानातला झालो. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहिताना मन आनंदाने भरून यायला हवे. ते भरून येते, हे खरे. पण धाकधूकही सुटत नाही. तिचे कारण पुढे येईलच.

भाऊंचे घराणे केनवडचे, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांचे. मेन रोडवर दुकान टाकले तेव्हा तीन पायऱ्या चढून आत जावे लागे, असे ते सांगतात. मग रस्त्यावर डांबर आले, त्यावर सिमेंट, त्यावर पुन्हा सिमेंट. दुकान होते तिथेच राहिले आणि रस्ताच वर चढला. आता गिऱ्हाईक खाली उतरून आत येते. “मी नाई खचलो, गाव उंच झालं,” असे म्हणून भाऊ स्वतःच आधी हसतात. त्यांच्या तोंडून हा रस्ता ऐकावा. बैलगाड्या कुठे सुटायच्या, कंदील दुरुस्त करणारे मियाँभाई कुठे बसायचे, सिनेमाची घंटा झाली की भाजीवाल्या बाया टोपल्या कुणाच्या ओट्यावर टाकून आत पळायच्या. ओटा अर्थातच भाऊंचा.

धंद्यात त्यांच्याइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. नवे बियाणे आले की ओल्या गोणपाटात थोडे उगवून पाहिल्याशिवाय ते विकत नाहीत. एका हंगामात वांग्याचे बी नीट उगवले नाही. ऐन लागवडीच्या दिवसांत गिऱ्हाईक दारात उभे असताना भाऊ सरळ म्हणाले, “दुसरीकडून घ्या. माह्याकडचं नेऊ नका.” मला टायफॉइड झाला तेव्हा शांतावहिनी रोज मुगाची खिचडी करत आणि भाऊ स्वतः डबा आणून देत. वर खिचडी संपेपर्यंत समोर बसून राहत.

आता ती गोष्ट. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. दुकान बंद करून भाऊ निघाले होते, घरी मात्र पोचले नव्हते. मी धावत मेन रोडवर गेलो. टॉकीज पाडून तिथे उभ्या राहिलेल्या मोबाइलच्या शोरूमच्या पायरीवर भाऊ बसले होते, हातावर वहिनींचे स्वेटर.

“भाऊ, इथे का बसलात?”

“पिक्चर सुटाची वाट पाहून राह्यलो. तुमची वहिनी आंदर हाये. थंडी पडली ना.”

मी हसलो. भाऊ हसले नाहीत.

शेजारच्या केळीवाल्याला विचारले तर तो बिचारा म्हणाला, “भाऊनं मले इचारलं, टॉकीज हेच ना? मी म्हनलं, हो, हेच.” त्याचे काय चुकले? आम्ही सारेच हेच सांगतो. शाळेत पालकांना मीसुद्धा पत्ता ‘टॉकीजसमोर’ असाच देतो. ज्या गावात अख्खा रस्ता नसलेल्या जागांच्या नावांनी बोलतो, तिथे एका माणसाचे विसरणे कुणाला कसे कळावे?

डॉक्टरांनी निदान सांगितले, औषधे सुरू आहेत. बहुतेक दिवस भाऊ अगदी पूर्वीसारखे असतात. पण आता त्यांनी एखादी जुनी आठवण काढली की मी ऐकण्याऐवजी त्यांचे डोळे बघतो. ते आत्ताचे बोलत आहेत की तेव्हाचे?

हे लिहावे की नाही, म्हणून वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, “लिवा मास्तर. साऱ्या गावाले मालूम पडू द्या. नाईतर लोक त्याहिले रस्ता दाखवत राह्यतीन आन् ते हरवत जातीन.” म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना हात जोडून विनंती करतो. भाऊंनी टॉकीज विचारली तर नुसते बोट दाखवू नका. सोबत चला, घरी फोन करा.

मागच्या रविवारी ते पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसले. वहिनी आल्या, त्यांना दिसणार नाही अशा बेताने बाजूच्या दाराने शोरूममध्ये गेल्या आणि समोरच्या काचेच्या दारातून बाहेर आल्या. “सुटला पिक्चर. चला घरी.” भाऊ लगबगीने उठले. “कसा होता?” वहिनी म्हणाल्या, “लंबा होता.” मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. मला पुढे जाववले नाही.

भाऊ, तुमची तब्येत ठणठणीत राहो, तुम्ही शंभरी गाठा, हे तर आम्हा सर्वांचेच मागणे आहे. माझे एकट्याचे मागणे एवढेच, की काचेच्या दारातून बाहेर येणाऱ्या वहिनी तुम्हाला ओळखू येणार नाहीत, असा दिवस कधीच न उगवो.